‘आयुष्यभराची सुट्टी’ किती वर्षांची?

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मी अमरावतीतच लेझरनं केस काढून घेतले. सहा सिटिंगचं पॅकेज होतं, काखा, पाय आणि हनुवटी मिळून. जाहिरातीत ‘केसांपासून आयुष्यभराची सुट्टी’ असं छापलेलं होतं. काखेत आजही जवळजवळ काही नाही. पायांवर तुरळक आहेत, तेही बारीक. हनुवटीवरचे मात्र वर्षाच्या आत परत आले आणि आता पहिल्यापेक्षा जास्तच वाटतात. क्लिनिकवाले म्हणतात, अजून सहा घ्या. सासूबाई म्हणतात, ‘वस्तरा लागला का केस चेवतातच, अन् तू तर मशीन लावलं.’ मशीन तेच, ते चालवणारी तीच, मग एकाच अंगावर असा दुजाभाव का? लेझरचा परिणाम खरोखर टिकतो तरी किती?
— एक शिक्षिका, रुक्मिणीनगर, अमरावती

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं निकालात काढू, कारण हे मत त्यांच्या एकट्यांचं नाही, अर्ध्या वऱ्हाडाचं आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ साली पुरुषांच्या दाढीचे केस मोजूनमापून पाहिले. वस्तऱ्यानं केस जाड होत नाही आणि त्याच्या वाढीचा वेगही बदलत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकंच. वस्तऱ्याच्या बाबतीत सासूबाई चुकल्या. मशीनच्या बाबतीत मात्र त्या पुरत्या चुकल्यात असं म्हणवत नाही. ते पुढे येईलच.

आता ‘आयुष्यभराची सुट्टी’. हे वाक्य जाहिरात लिहिणाऱ्याचं आहे. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लेझरच्या यंत्रांना ‘केस कायमचे कमी करणारी’ एवढंच म्हणू देतं, ‘कायमचे काढणारी’ म्हणू देत नाही. त्या ‘कायमचे कमी’चा अर्थही त्यांनी बांधून दिला आहे. ठरलेली सिटिंग संपल्यावर परत उगवणाऱ्या केसांची संख्या घटलेली असावी, आणि ती घट त्या भागातल्या केसांच्या एका पूर्ण चक्रापेक्षा जास्त काळ टिकलेली दिसावी. हे चक्र शरीराच्या भागाप्रमाणे ४ ते १२ महिन्यांचं असतं. म्हणजे ‘कायमचे’ म्हणवून घ्यायला वर्षभरापेक्षा थोडं जास्त टिकून दाखवलं तरी पुरतं! आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांच्या मथळ्यातही केस ‘कमी करणं’ असंच आहे. तज्ज्ञांच्या कागदावरचं हे ‘कमी’ चौकातल्या फलकावर येईपर्यंत गळून पडतं.

तसं पाहिलं तर केस खरोखर कायमचे घालवणारी एक पद्धत जगानं वापरून पाहिलेली आहे. क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होतं न होतं तोच, १८९६ साली, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी एका लहान मुलीच्या पाठीवरच्या केसाळ डागावर ते सोडले. केस गेले. पुढे १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या अल्बर्ट गायझर यांचं ‘ट्रायको’ नावाचं क्ष-किरण यंत्र ब्यूटी पार्लरांतून चाललं आणि हजारो बायकांनी हनुवट्या त्याच्यापुढे धरल्या. काही वर्षांनी त्याच हनुवट्यांवर न भरणाऱ्या जखमा झाल्या, कुणाला कर्करोग झाला. त्या मानानं लेझर फार सभ्य. त्याचा प्रकाश क्ष-किरणांसारखा पेशींच्या गाभ्यात शिरून उलथापालथ करत नाही. पण या सभ्यपणामुळेच त्याला मर्यादाही आहेत.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली एक तत्त्व मांडलं. नेमक्या तरंगलांबीचा प्रकाश नेमक्या तितक्याच क्षणापुरता सोडला, तर त्वचेतली एकच गोष्ट तापवता येते आणि शेजारच्या भागाला इजा होत नाही. केसांच्या बाबतीत ही गोष्ट म्हणजे मेलॅनिन, केसाला काळेपणा देणारं रंगद्रव्य. प्रकाश काळ्या केसात शोषला जातो, केस तापतो आणि ती उष्णता मुळाभोवतीच्या पेशींपर्यंत पोचते. केस पुन्हा पुन्हा घडवणाऱ्या मूळपेशी मुळाच्या तळाशी नसतात, थोड्या वर एका फुगवट्यात असतात, हे १९९० साली कळलं. त्या पुरत्या भाजल्या तर तो केस संपला. नुसत्या दुखावल्या तर केस परत येतो, पण बारीक आणि फिकट होऊन. तुमच्या पायांवर उरलेत ते हे.

यात एक अडचण आहे. सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीला लागलेले असतात, काही नुसते विसावलेले. लेझर लागू पडतो तो मुख्यतः वाढीला लागलेल्यांवर, कारण रंगद्रव्य तेव्हा मुळापर्यंत भरलेलं असतं. पायांवर तर कोणत्याही दिवशी बहुतेक केस विसावलेलेच असतात. म्हणून एका सिटिंगमध्ये काम भागत नाही. सहा-आठ लागतात, आणि मध्ये महिना-दोन महिने थांबावं लागतं ते झोपलेले केस उठावेत यासाठी.

आणि एक गोष्ट क्लिनिकमध्ये सहसा कुणी सांगत नाही. कोणत्याही लेझरनंतर पहिले एक ते तीन महिने केस जातातच, कारण धक्का बसलेले केस एकदम विश्रांतीत ढकलले जातात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगच्या वेळी आरशात दिसणारी स्वच्छ त्वचा हा निकाल नव्हे. शेवटच्या सिटिंगनंतर निदान सहा महिने, जमल्यास वर्षभर जाऊ द्यावं आणि मग उरलेले केस पाहावेत. पॅकेज मात्र विकलं जातं ते पहिल्या तीन महिन्यांच्या भरवशावर.

पण टिकतं किती? अँडरसन यांच्याच गटानं माणसांवर केलेला सुरुवातीचा प्रयोग १९९६ साली छापून आला. १३ स्वयंसेवकांवर रूबी लेझरचा एकेकदाच मारा केला होता. दोन वर्षांनी त्यातल्या सात जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा चौघांचे केस त्या जागी उघड विरळ होते. एका माऱ्यात चार जणांचे दोन वर्षं टिकले, म्हणजे दीर्घकाळ टिकणं ही थाप नाही. पण बाकी तिघांचे भरून आले, म्हणजे हमीही नाही. आजची यंत्रं जास्त चांगली आहेत, सिटिंगही जास्त होतात. गव्हाळ त्वचा, काळेभोर जाड केस आणि सगळी सिटिंग पूर्ण केलेली असली, तर काखा, मांड्यांचा वरचा भाग आणि पाय यांवरचे बरेचसे केस वर्षानुवर्षं परत येत नाहीत, आणि उरलेल्यांसाठी वर्षा-दोन वर्षांनी एखादं सिटिंग पुरतं. तुमच्या काखा आणि पाय हे लेझरचं चांगल्यातलं चांगलं फळ आहे, तिथले पैसे सत्कारणी लागले.

हनुवटीचं गणित निराळं आहे. जन्मानंतर माणसाच्या त्वचेत केसांची नवी मुळं तयार होत नाहीत. मग हे ‘परत आलेले’ केस कुठून आले? त्यातले बरेचसे परत आलेले नसतातच. बाईच्या हनुवटीवर, गालांवर, ओठावर लव असते. तिची मुळं जन्मापासून तिथेच असतात, फक्त केस बारीक, बिनरंगाचा असतो. पुरुषी संप्रेरकांचं प्रमाण वाढलं किंवा मुळं त्यांना जास्त दाद देऊ लागली, की हीच लव काळी आणि राठ होते. लेझरला लव दिसत नाही, कारण तिच्यात रंगद्रव्य जवळजवळ नसतं. म्हणजे लेझरनं तुमचे तेव्हाचे काळे केस घालवले, पण शेजारी उभी असलेली लव त्याच्या हातून सुटली आणि पुढच्या वर्षभरात तीच केस झाली. हा पुरवठा आतून सुरू आहे तोवर हनुवटीवरचं लेझर म्हणजे उघड्या नळाखालची फरशी पुसणं. काखेत आणि पायांवर असा पुरवठा सहसा उरलेला नसतो, तिथलं जे काळं व्हायचं ते वयात येतानाच होऊन गेलेलं असतं. तुम्ही म्हणता तो दुजाभाव मशीनचा नाही, संप्रेरकांचा आहे.

म्हणून ‘अजून सहा घ्या’ याला माझं उत्तर : आत्ता नको. आधी तपासणी. पाळी अनियमित आहे का, वजन वाढलंय का, मुरुमं आहेत का, डोक्यावरचे केस विरळ होतात का, हे डॉक्टरांना सांगा. पीसीओएस, म्हणजे बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, हे याचं सर्वांत नेहमीचं कारण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानं बाळंतपणाच्या वयातल्या १०० पैकी ८ ते १३ बायकांना तो असतो. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन या रक्ततपासण्या आणि गरज वाटली तर सोनोग्राफी, एवढ्यात बहुतेकींचं निदान होतं. त्यासाठी नागपूर-पुण्याची वाट धरायची गरज नाही. अमरावतीच्या डफरीन स्त्री रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात स्त्रीरोगतज्ज्ञ भेटतात, पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालयात आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. लेझर तिथे मिळो न मिळो, कारण शोधून मिळेल. औषध सुरू झालं तर केसांवर त्याचा परिणाम दिसायला सहा महिने द्यावे लागतात. काही गोळ्या गर्भाला घातक असतात, तेव्हा मूल हवं असेल तर ते आधी सांगा. केस काही आठवड्यांत भराभर वाढले असतील आणि आवाजही घोगरा झाला असेल, तर मात्र थांबू नका. तो प्रकार वेगळा आणि तातडीचा.

चेहऱ्याला काही मलम लावता का, हेही आठवून पाहा. मेडिकलमधून ‘गोरं होण्याचं’ म्हणून आणलेल्या ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने चोळलं की त्वचा पातळ, लालसर होते आणि वर केस फुटतात. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकली. तरी ती कशी मिळतात हे आपल्या गल्लीतल्या दुकानाला विचारायला नको. अशी ट्यूब सुरू असेल तर लेझरचे पैसे वाया. ती एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून सोडा.

पीसीओएस असेल तर लेझर करूच नये असं नाही. लंडनमध्ये २००५ साली अशा ८८ बायकांवर अभ्यास झाला. त्यांतल्या ज्यांना पाच जोरकस सिटिंग मिळाली, सहा महिन्यांनी त्यांचा चेहऱ्यावरचे केस काढण्यात जाणारा वेळ आठवड्याला ११२ मिनिटांवरून २१ मिनिटांवर आला आणि मनाची उदासीही कमी झाली. एकवीस मिनिटं म्हणजे शून्य नव्हे. पण रोज सकाळी शाळेत जायच्या आधी चिमटा घेऊन खिडकीशी उभ्या राहणाऱ्या बाईला या फरकाची किंमत विचारा. आतला इलाज आणि बाहेरचं लेझर जोडीनं चालावं आणि वर्षातून एक-दोन वेळा पुन्हा करावं लागेल हे धरून चालावं.

राहिल्या सासूबाई. लेझरनं केस वाढण्याचा प्रकार खरा आहे. २००२ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी तो तीव्र प्रकाशाच्या यंत्रांच्या बाबतीत नोंदवला. २०२१ साली उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा प्रमाण सुमारे तीन टक्के निघालं. तो जवळजवळ नेहमी चेहऱ्यावर आणि मानेवर दिसतो आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या बायकांत जास्त. मारा कमी पडला की मुळं मरायच्या ऐवजी उलट चेतवली जात असावीत, असा कयास आहे. तुमच्या हनुवटीवरचे केस उपचार केलेल्या जागेच्या कडेकडेनं, पूर्वी नव्हते तिथे आले असतील, तर हा संशय धरा आणि तसंच सांगा. अशा वेळी तेच मशीन त्याच जोरावर पुन्हा सहा वेळा फिरवणं म्हणजे चूक दुप्पट करणं.

प्रश्न : माझं लग्न वैशाखात आहे. तुळशीचं लग्न लागलं की लेझर सुरू करायचं म्हणते आहे. हात, पाय, चेहरा सगळं तोवर होईल का? माझा रंग सावळा आहे आणि नोकरीसाठी रोज गाडीवर फिरते.
— जठारपेठ, अकोला

उत्तर : चेहऱ्याचं कसंबसं होईल, पायांचं होणार नाही. हिशेब करून बघा. सहा सिटिंग म्हणजे मध्ये पाच खंड. चेहऱ्याला दर खंड चार ते सहा आठवड्यांचा, म्हणजे साधारण सहा महिने. पायांना सहा ते आठ आठवड्यांचा, म्हणजे नऊ महिन्यांपर्यंत. कार्तिकात सुरू केलंत तर पायांची चार सिटिंग पदरात पडतील. लग्नासाठी तेवढ्यानं भागेल, पण टिकाऊपणा हवा असेल तर उरलेली लग्नानंतर पूर्ण करावी लागतील. सासर कुठलं आहे त्याचाही विचार करा!

खरी काळजी उन्हाची आहे. लेझरला केसातलं आणि कातडीतलं रंगद्रव्य वेगळं ओळखता येत नाही. ऊन लागून रापलेल्या त्वचेवर मारा झाला तर भाजणं, फोड, काळे किंवा पांढरे डाग हे सगळं होऊ शकतं आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. २०२४च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे गेला म्हणून जिथे कलम १४४ लावावं लागलं, त्या अकोल्यात फाल्गुनानंतर लेझर चालू ठेवणं मला पटत नाही. चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळलेला असतो, पण मनगटापासून बोटांपर्यंतचं काय? हातमोजे आणि सनस्क्रीन दोन्ही वापरा. हळदीच्या आधीच्या तीन आठवड्यांत एकही सिटिंग घेऊ नका.

सावळ्या रंगाला यंत्र निवडून घ्यावं लागतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग सर्वांत सुरक्षित, कारण त्याचा प्रकाश वरच्या कातडीत कमी शोषला जातो. ८०० ते ८१०च्या आसपासचं डायोड नीट थंडावा देऊन वापरलं तर चालतं. ७५५चं अलेक्झांड्राइट उजळ त्वचेसाठी. आयपीएल, म्हणजे अनेक तरंगलांबींच्या प्रकाशाचा तीव्र झोत, हे लेझरच नाही, जरी कित्येक फलकांवर त्यालाही तेच नाव असतं. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रंही बहुतेक तीच, आणि वापर थांबवला की त्यांचा परिणाम ओसरतो. यंत्र कोणतं, चालवणार कोण आणि भाजलं तर डॉक्टर जागेवर असणार का, हे तीन प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारा. सुरुवातीला कानामागे किंवा हनुवटीखाली एका लहान जागेवर मारा करून बघायला सांगा.

आणि आजपासून व्हॅक्सिंग, थ्रेडिंग, चिमटा बंद. केस मुळापासून उपटला तर लेझर तापवणार काय? वस्तरा चालतो, उलट सिटिंगच्या आदल्या दिवशी तोच हवा.

प्रश्न : वय ५६. हनुवटीवर सात-आठ जाड केस येतात, त्यातले निम्मे पांढरे. लेझरनं जातील का?
— परतवाडा

उत्तर : काळे जातील, पांढरे नाहीत. कोणत्याही कंपनीचं, कितीही महागडं यंत्र असू दे, पांढऱ्या केसात रंगद्रव्य नाही आणि लेझरला दुसरी खूण कळत नाही. केस पिकायच्या आधी लेझर करून घ्या म्हणतात ते यासाठीच.

सात-आठ केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस उत्तम. बारीक सुई केसाच्या छिद्रात घालून वीज सोडायची आणि एकेक मूळ जाळायचं. चार्ल्स मिशेल नावाच्या नेत्रतज्ज्ञानं अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात १८७५ साली हे केलं, तेही डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापण्यांसाठी. पुढे त्याच शहरात ट्रॉटरबाईंनी वस्तऱ्याचा निकाल लावला. केस कोणत्याही रंगाचा असो, या पद्धतीला फरक पडत नाही आणि ‘कायमचे काढणारी’ म्हणवून घेण्याचा मान आजही तिलाच आहे. वेळ फार लागतो, दुखतंही, म्हणून पायांसाठी कुणी वापरत नाही. तुमचं काम थोडक्या बैठकांत होईल. मधुमेह असेल किंवा पेसमेकर बसवलेला असेल तर आधी सांगा. आणि एवढा खटाटोप नकोच असेल तर कात्रीनं कापा, काहीही बिघडत नाही.

वाचकांना एक विनंती. लेझरवरचे बहुतेक अभ्यास सहा महिने ते वर्षभरात आटोपतात, पाच-दहा वर्षांनंतरचं फार थोड्यांनी पाहिलंय. अमरावती-अकोला भागातल्या ज्यांनी पाच वर्षांहून आधी हा उपचार घेतला असेल, त्यांनी शरीराचा कोणता भाग, किती सिटिंग, कोणतं यंत्र आणि आज काय उरलंय एवढं चार ओळींत लिहून पाठवावं. नाव आणि क्लिनिक कळवू नका, ते छापणार नाही.